गुण कुणाला आला?

मराठीत औषधाचा 'गुण येतो'. वाक्यरचना जरा नीट पाहिली तर गंमत दिसते. गुण औषधाचा, आणि तो येतोही आपला आपण. ज्याला बरं वाटायचं तो वाक्यात हवाच असेल तर 'त्याला' म्हणून बाजूला उभा करता येतो. नसला तरी वाक्य अडत नाही. शिवाय 'हातगुण' आहेच. अमक्या डॉक्टरांना हातगुण आहे असं आपण म्हणतो, तेव्हा गोळी तीच, मात्रा तीच, तरी बरं होण्यातला काही भाग गोळीचा नव्हे, हे आपण मान्य केलेलं असतं. इंग्रजीत हा शब्द नेताना मी दर वेळी अडखळते. 'इफेक्ट' म्हटलं की प्रयोगशाळेचा वास येतो; 'रिलीफ' म्हटलं की एकदम रोग्याच्या आत शिरावं लागतं. गुण या दोहोंच्या मध्ये, उंबऱ्यावर उभा असतो.

गेल्या वर्षी हा शब्द भाषांतराच्या टेबलावरून उठून घरात आला. झिपरी ही आमची कुत्री तेरा वर्षांची आहे. रस्त्यावर जन्मलेली, काळी, पोटाशी थोडी पांढरी. मागच्या दोन्ही खुब्यांत संधिवात. बडोद्यात ज्या दवाखान्यात तिला नेते तिथे गोळ्यांच्या जोडीला लेझर सुरू केला. एका सिटिंगचे ८०० रुपये, आठवड्यातून एकदा. दर सिटिंगच्या आधी डॉक्टर विचारायचे, "बेन, फेर पड्यो?" उत्तर मी द्यायचं. दुखणं तिचं, यंत्र त्यांचं, पैसे माझे, आणि गुण आला की नाही हे सांगायचंही मीच. हे सांगण्याचा अधिकार मला कुठून मिळाला, आणि तो वापरताना मी कुणाशी बांधलेली असते, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

लेझर म्हटलं की डोळ्यांपुढे कापणारा, जाळणारा किरण येतो. हा तसा नाही. थिओडोर मेमननं १९६० मध्ये पहिला लेझर चालवून दाखवला. त्यानंतर काही वर्षांतच बुडापेस्टमध्ये एन्द्रे मेस्टर हे शल्यचिकित्सक या किरणानं कॅन्सर होतो का हे पाहत होते. त्यांनी उंदरांच्या पाठीवरचे केस भादरले आणि कमी शक्तीचा लेझर मारला. कॅन्सर झाला नाही. पण ज्यांच्यावर किरण पडला होता त्या उंदरांचे केस इतरांपेक्षा लवकर उगवले. पुढे मेस्टर न भरणाऱ्या जखमांकडे वळले. आज जनावरांच्या दवाखान्यांत हे यंत्र सांधे, पाठ, शस्त्रक्रियेचे टाके, चाटून चाटून चिघळलेले पंजे अशा सगळ्यांवर फिरतं. किरण तांबडा किंवा त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा. तो पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात एका विकराकडून शोषला जातो, पेशीला ऊर्जा तयार करायला चालना मिळते, सूज उतरते, असं स्पष्टीकरण आहे. ते थोतांड नाही. पेशींच्या पातळीवर असं काही घडतं हे पुष्कळदा पाहिलं गेलं आहे. पेच पुढे आहे. काचेच्या बशीतली पेशी आणि काळ्या केसांच्या, चरबीच्या, स्नायूंच्या खाली दडलेला खुब्याचा सांधा यांत अंतर आहे. केस आणि काळी कातडी प्रकाश वाटेतच गिळतात. मात्रेचंही असंच: कमी पडली तर काही होत नाही, जास्त झाली तर उलटा परिणाम होऊ शकतो.

आणि जिवंत कुत्र्यांवरचा पुरावा उलटसुलट आहे. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर लेझर दिलेली कुत्री लवकर चालू लागली असं २०१२च्या एका अभ्यासात दिसलं. २०१७च्या दुसऱ्या अभ्यासात तशाच शस्त्रक्रियेनंतर फरक दिसला नाही. कोपराच्या संधिवाताच्या मोजक्या कुत्र्यांवर २०१८ साली झालेल्या अभ्यासात, काहींना खरा आणि काहींना खोटा लेझर देऊन, खरा मिळालेल्यांच्या वेदनाशामक गोळ्या कमी करता आल्या. म्हणजे दार बंद नाही. पण दवाखान्याच्या भिंतीवरच्या पत्रकात ते जितकं सताड उघडं दाखवलेलं असतं तितकं उघडंही नाही.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ केलं ते लेझरशी काही संबंध नसलेल्या एका अभ्यासानं. संधिवातानं लंगडणाऱ्या ५८ कुत्र्यांना एका मोठ्या औषधचाचणीत प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, मिळत होती. ती जमिनीवर पाय किती जोरानं टेकतात हे मोजणाऱ्या पट्टीवरून त्यांना चालवलं गेलं, आणि मालकांना व पशुवैद्यांना वेगळं विचारलं गेलं. २०१२ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: पट्टीवर सुधारणा नसतानाही, सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रं सुधारलेलं दिसलं. पशुवैद्यांचं प्रमाणही त्याच आसपास होतं. शिकलेला डोळाही त्यातून सुटला नाही. याला 'सांभाळणाऱ्याचा प्लासिबो' म्हणतात.

माणसाच्या बाबतीत प्लासिबोला इतकं हिणवायचं कारण नसतं. अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवरचा १९७८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. नुसत्या आशेनं ज्यांचं दुखणं कमी झालं, त्यांना अफूच्या जातीच्या औषधांचा परिणाम रोखणारं द्रव्य दिलं, तेव्हा ते दुखणं परतलं. म्हणजे आशेनं शरीरात खरोखरच काहीतरी पाझरलं होतं. 'मनाचे खेळ' म्हणून ते बाजूला सारता येत नाही. ज्याला गोळी मिळाली त्यालाच गुण आला. कुठून आला एवढाच वाद.

कुत्र्याच्या बाबतीत ही साखळी मधेच तुटते. लेझर तिच्या खुब्यावर पडतो आणि आशा माझ्या मनात असते. गुण आलाच तर तो मला येतो. मला झोप लागते, मला हलकं वाटतं, काहीतरी करतो आहोत याचं समाधान मिळतं. ती पायरीशी थांबते तशीच थांबत असेल, पण माझ्या डोळ्यांना ते थांबणं आता जरा लहान वाटतं. (माझी शांतता तिच्यापर्यंत पोचत असेल, ठरावीक टेबल आणि ठरावीक हात यांची सवय होऊन तिचं अंग सैलावत असेल, हे मी नाकारत नाही. पण त्याला लेझर म्हणून पैसे घेऊ नयेत.)

इथे कुणी म्हणेल, तिला बोलता आलं असतं तर प्रश्नच नव्हता. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण माझी आई आहे. तिच्या गुडघ्यांवर काही दिवस असाच लेझर चालू होता. फिजिओथेरपीचा तो तरुण मुलगा विचारायचा, "आजी, बरं वाटतंय ना?" आणि आई न चुकता म्हणायची, "हो रे बाबा, पुष्कळ." घरी आल्यावर भिंतीला धरून चालायची. मी एकदा विचारलं, "आई, खरंच बरं वाटतंय का गं?" तर म्हणाली, "अगं, तो बिचारा इतका वेळ घालवतो. त्याला नाही कसं म्हणू?"

भाषा आली म्हणजे साक्ष खरी झाली असं नाही. माणसाच्या बोलण्यात भीड येते, संस्कार येतात, पुढच्याचं मन येतं. झिपरीला भीड नाही. तिला डॉक्टरांचं मन राखायचं नाही. तिच्या वाटची भीड मी बाळगते. "फेर पड्यो?" या प्रश्नाला माझ्या तोंडून जे 'हो' निघतं, त्यात डॉक्टरांचा आस्थेवाईकपणा असतो, खर्च केलेले पैसे असतात, आणि तिच्या सांध्याचं किती असतं ते सांगता येत नाही.

वेदनेची व्याख्या करताना शास्त्रज्ञांनाही याच जागी ठेच लागली होती. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९७९ साली जी व्याख्या स्वीकारली, तिच्यात वेदना म्हणजे शरीराच्या इजेशी जोडलेला, किंवा तशा इजेच्या भाषेत वर्णन केलेला अप्रिय अनुभव, असा आशय होता. 'वर्णन केलेला' हा एक शब्द. व्याख्या करणाऱ्यांचा हेतू चांगला होता: इजा सापडत नाही म्हणून रुग्णाला खोटं पाडू नका. पण त्या शब्दामागून एक सावली आली. ज्याला वर्णन करता येत नाही त्याचं काय? तान्ह्या बाळांवर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया करण्याची पद्धत त्यानंतरही काही वर्षं चालू होती. २०२० साली व्याख्या बदलली. 'वर्णन केलेला'च्या जागी 'त्यासारखा' या अर्थाचा शब्द आला, आणि सोबतच्या टिपांमध्ये स्पष्ट लिहिलं गेलं की सांगता न येणं म्हणजे वेदना नसणं नव्हे. माणसाच्या बाबतीत नाही आणि इतर प्राण्यांच्या बाबतीतही नाही. एक शब्द बदलायला ४१ वर्षं लागली. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला यात समाधानही वाटतं आणि लाजही.

वेदनेच्या शब्दांबाबत मराठी श्रीमंत आहे. कळ येते, ठणका लागतो, गळू ठसठसतं, पाठीत उसण भरते, चमक निघते, पाय रगरगतात, डोळे चुरचुरतात, सल राहतो. आजारालाच आपण 'दुखणं' म्हणतो आणि आजाऱ्याला दुखणाईत. शेजारच्या भाषेत गेलं की हेच शब्द जागा बदलतात. बंगालीत डोकं दुखतं ती 'ब्यथा'; मराठीत 'व्यथा' म्हटलं की डोकेदुखीची गोळी चालत नाही, कविता लागते. आता या सगळ्यातलं झिपरीला काय द्यायचं? तिला कळ येते की ठणका लागतो, मला माहीत नाही. मी पाहू शकते ते एवढंच: उठताना पुढच्या पायांवर भार टाकून मागचा भाग ओढून घेणं, गुळगुळीत लादीवर पाय फाकणं, अर्ध्या वाटेवर बसून मागे पाहणं, उजवा खुबा चाटणं. पशुवैद्यकात आता अशा खुणांच्या मोजपट्ट्या आहेत. ग्लासगो विद्यापीठानं कुत्र्यांसाठी केलेली आहे. माँट्रियलमध्ये मांजरांसाठी केलेली तर कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण यांवर चालते. त्यांत वेदनेला नाव नसतं, गुण असतात, म्हणजे आकडे.

आमच्या व्यवसायात आजकाल सगळ्यालाच भाषांतर म्हणायची रीत पडली आहे. आठवण हे भाषांतर, स्वयंपाक हे भाषांतर, प्रेम तर आहेच. त्यामुळे 'मी झिपरीच्या वेदनेचं भाषांतर करते' हे वाक्य मला सहज सुचलं आणि तितक्याच सहज मी ते खोडलं. भाषांतरकाराच्या डोक्यावर मूळ संहिता असते. कुणीही ती उघडून मला पकडू शकतं. या पकडले जाण्याच्या शक्यतेवरच आमची सगळी नीती उभी आहे. झिपरीच्या बाबतीत मूळ संहिता मिटलेली आहे. मी काहीही म्हटलं तरी मला खोटं ठरवायला कुणी येणार नाही, ती तर नाहीच. अशा जागी बोलणारा माणूस भाषांतरकार नसतो, मुखत्यार असतो. मुखत्याराच्या सहीनं व्यवहार पूर्ण होतो, म्हणून त्याला अधिक जपून राहावं लागतं.

आपल्याकडची मुक्या जनावराची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट पैठणची आहे. मराठी वाचकाला ती सांगायची गरज नाही, इतरांसाठी दोन ओळींत: संन्याशाची मुलं म्हणून वाळीत टाकलेली भावंडं शुद्धिपत्र मागायला पैठणला जातात. सर्व जीव एक, असं ज्ञानदेव म्हणतात तेव्हा ब्रह्मवृंद समोरच्या रेड्याकडे बोट दाखवतो. ज्ञानदेव रेड्याच्या डोक्यावर हात ठेवतात आणि रेडा वेद म्हणू लागतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला चमत्कार वाटायचा तो रेडा बोलल्याचा. आता वाटतं, त्याला एकदाच वाचा फुटली आणि त्यात तो आपलंच बोलला. आपले वेद, आपल्या वादात, आपल्या बाजूचा पुरावा म्हणून. पाठीवरच्या पखालीबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. पण त्याच गोष्टीच्या काही रूपांत एक तपशील आधी येतो: रेड्याला आसूड मारले आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उठले. हा चमत्कार मला अधिक मोठा वाटतो, कारण इथे रेड्याला काही म्हणायला लावलेलं नाही. नुसतं दुसऱ्याच्या अंगावर उमटलं आहे. आणि तरीही एक गोष्ट खटकत राहते: त्या वळांनी रेड्याच्या पाठीची आग कमी झाली का, हे गोष्टीत कुठेच नाही.

सहानुभूतीचं हेच होतं. ती खरी असते, तिचे वळही खरे असतात, आणि म्हणूनच ते शांत करण्याची घाई आपल्याला होते. बेन, फेर पड्यो? हो डॉक्टर, पड्यो.

"पण बिघडलं काय?" असं एक मैत्रीण म्हणाली. लेझर दुखत नाही, यकृत-मूत्रपिंडांवर ताण नाही, कुत्री खूश, तू खूश. हा मुद्दा हलका नाही. वेदनाशामक औषधं काय करू शकतात हे भारताइतकं महाग कुणी शिकलं नसेल. म्हाताऱ्या, लंगड्या गुरांना दयेपोटी डायक्लोफिनॅक टोचलं जायचं, आणि ती गुरं मेल्यावर त्यांचं मांस खाऊन आपली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांमधली ९९ टक्क्यांहून अधिक गेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. एकाच्या वेदनेवरचा उतारा दुसऱ्याच्या मुळावर आला, आणि त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. त्या मानानं प्रकाश किती सोवळा: मागे काही ठेवत नाही.

तरी मला ते 'बिघडलं काय' पटत नाही. निरुपद्रवी उपायाचा उपद्रव यंत्रातून होत नाही, वाचनातून होतो. लेझरनं गुण आला असं मी म्हटलं की पुढचं वाक्य तयारच असतं: मग गोळी अर्धी करू या. आणि झिपरीच्या दुखण्याचा खरा भार ती मेलॉक्सिकॅमची गोळी उचलत असेल, तर माझ्या समाधानाची किंमत ती मोजेल. शिवाय आज जे डोळे 'फरक आहे' म्हणतात त्याच डोळ्यांना उद्या 'आता पुरे' म्हणायचं आहे. तो निर्णयही मलाच घ्यावा लागेल, तिच्या वतीनं, तिला न विचारता.

गुजरातेत राहून या निर्णयाचा विचार करताना साबरमती आश्रमातलं वासरू आठवतंच. १९२८ साली आश्रमातलं एक वासरू असह्य वेदनेत तडफडत होतं. उपाय उरला नव्हता. आश्रमातल्या सहकाऱ्यांशी बोलून गांधींनी त्याला इंजेक्शन देऊन मरण दिलं आणि 'नवजीवन'मध्ये तसं उघड लिहिलं. पत्रांचा भडिमार झाला. जो प्राण देऊ शकत नाही त्याला तो घेण्याचा काय अधिकार, हा मुख्य आक्षेप. आपलं मूल अशा अवस्थेत असतं तरी मी हेच केलं असतं, असं गांधींचं उत्तर होतं. या वादात दोन्ही बाजूंनी अहिंसेवर पुष्कळ लिहिलं गेलं. मला त्यातला एक लहानसा भाग महत्त्वाचा वाटतो: गांधींनी स्वतःच्या कळवळ्यावर एकट्यानं विसंबून निर्णय घेतला नाही. जनावरांच्या जाणकाराला बोलावलं, विरोध करणाऱ्याचं ऐकलं, मग ठरवलं. आणि नंतर चुकीचं ठरवलं जाण्याची तयारी ठेवून छापलं.

मग मी काय करायचं? मांजरांवरचा एक अभ्यास वाचनात होता. संधिवाताच्या मांजरांपैकी काहींना मेलॉक्सिकॅम, काहींना प्लासिबो. कुणाला काय मिळतंय हे मालकांना ठाऊक नाही. तीन आठवड्यांनी सगळेच मालक म्हणाले, मांजर सुधारलं. दोन गटांत फरक करता येईना. मग गुपचूप सर्वांनाच प्लासिबो सुरू केला. आणि आता फरक दिसला: ज्या मांजरांचं खरं औषध काढून घेतलं होतं त्यांची अवस्था घसरल्याचं त्यांच्या मालकांना जाणवलं. दुसऱ्या गटात तसं झालं नाही. देताना जे कळलं नाही ते काढून घेताना कळलं.

शास्त्र म्हणून हे सुंदर आहे. घरातली गोष्ट म्हणून अवघड. लेझरनं झिपरीला खरोखर गुण येत असेल तर ते कळण्याचा मार्ग म्हणजे तो बंद करणं आणि तिला दुखू देणं. माझ्या ज्ञानाचं मोल तिच्या वेदनेत, आणि तिची संमती नाही. काही दिवस मला हा पेच कोंडीसारखा वाटला. मग लक्षात आलं की न थांबवणं हाही तिच्यावरचा प्रयोगच आहे, फक्त त्याची वही कुणी ठेवत नाही. आयुष्यभर चालणाऱ्या बिनवहीच्या प्रयोगापेक्षा तीन आठवड्यांचा वहीचा प्रयोग बरा, आणि गोळी पूर्ण चालू ठेवली तर वेदना उघडी पडण्याची भीतीही कमी, असं मी ठरवलं. हे समर्थन शंभर टक्के आहे असं मी म्हणत नाही. इतर समर्थनांपेक्षा ते मला कमी सोयीचं होतं, म्हणून त्यावर जरा अधिक विश्वास बसला.

डॉक्टरांना सांगितलं. ते मोकळेपणानं हो म्हणाले. लेझरचे तीन आठवडे आणि लेझरविना तीन आठवडे, दर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, गोळी देण्याआधी, मी फोनवर अर्ध्या मिनिटाचं चित्रण केलं: अंथरुणातून उठणं, ओसरीच्या तीन पायऱ्या, फाटकापर्यंतची चाल. खालच्या मजल्यावर एक मुलगी राहते, भरतनाट्यम शिकते. पाय कसा पडतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. तारखा काढून टाकलेल्या एकवीस फिती क्रम मोडून तिला दिल्या आणि म्हटलं, चांगल्यापासून वाईटापर्यंत लाव. तिनं दोन संध्याकाळी लावून कागद दिला. "मावशी, या दोन सोडल्या तर बाकीच्यांत फार फरक नाहीये," म्हणाली. त्या दोन फिती वाईटाच्या टोकाला होत्या. दोन्ही लेझरच्या आठवड्यांतल्या, पावसात फरशी ओली होती त्या दिवसांच्या. बाकीच्यांत लेझरचे आणि बिनलेझरचे दिवस पत्त्यांसारखे पिसलेले.

कागद मी डॉक्टरांना दाखवला. त्यांनी तो चष्मा वर करून दोनदा पाहिला. "दुसऱ्या कुत्र्यांना येतो गुण," म्हणाले. येतही असेल. एका कुत्रीच्या एकवीस फितींवरून लेझरबद्दल काही सिद्ध होत नाही, आणि मला लेझरबद्दल काही सिद्ध करायचंही नव्हतं. सिटिंग थांबवली. वाचलेल्या पैशांतून अंथरुणापासून फाटकापर्यंत रबरी पट्ट्या टाकल्या. ओल्या फरशीवर पाय घसरतो एवढं तरी त्या कागदावर स्पष्ट होतं.

संध्याकाळी फिरायला निघालो की दवाखान्याच्या वळणावर झिपरी अजून तिकडेच ओढते. आई म्हणते, तिला शेक हवाय. माझं म्हणणं, डॉक्टरांच्या खिशातली बिस्किटं हवी आहेत. यावर आमचं एकमत नाही. थंडी पडल्यापासून आई रात्री जाड मीठ तव्यावर गरम करते, पुरचुंडी बांधते, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहते, मग झिपरीच्या खुब्यावर धरून बसते. झिपरी डोळे मिटते. "बघ, कसा गुण येतोय," आई म्हणते. त्याचं चित्रण मी केलेलं नाही.